सगळ्यात वरचा ओला बिंदू

फरशीवर पडलेला ऑइलचा डाग हे गळतीचं शेवटचं वाक्य असतं. पहिलं वाक्य दोन-अडीच फूट वर, इंजिनाच्या कुठल्यातरी सांध्यात लिहिलेलं असतं आणि मधला मजकूर धुळीने झाकलेला असतो. घरच्या अंगणात, चार पाने आणि एक जॅक एवढ्यावर ज्याला ही गळती थांबवायची आहे, त्याने हा मजकूर वरून खाली वाचायचा असतो. इंजिनावरचा सगळ्यात उंच ओला बिंदू सापडला की पुढचं काम हातांचं उरतं. तो सापडला नाही तर हात कितीही कसबी असोत, ते भलत्याच जागी चालत राहतात.

हे लिहायला बसलो ते एका दुरुस्तीमुळे. हिंगोलीत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, गल्लीतले सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची मारुती 800 कार्ब्युरेटरच्या काळातली आहे आणि तिचा नंबर एमएच 22ने सुरू होतो. नवखा माणूस तिला परभणीची समजतो. गाडी हिंगोलीचीच आहे, फक्त जिल्ह्यापेक्षा जुनी. परभणीतून हिंगोली वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. एमएच 38 हा क्रमांक त्यानंतरचा. या उन्हाळ्यात गुरुजींनी तिची ऑइल गळती अंगणातल्या लिंबाच्या सावलीत बसून काढली. मी बहुतेक वेळ शेजारी होतो. त्या कामातल्या काही जागा मला अजून आठवतात.

आधी ज्यावर हे काम झालं त्या इंजिनाबद्दल. सुझुकीचं एफ-एट-बी: तीन सिलिंडर, 68.5 मिलिमीटर बोअर, 72 मिलिमीटर स्ट्रोक, सगळं मिळून 796 सीसी. मारुती 800 डिसेंबर 1983मध्ये लोकांच्या हाती आली आणि जानेवारी 2014मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात खेड्यापाड्यांतल्या मिस्त्रींचा हात ज्या इंजिनावर बसला ते हेच; ओम्नीतही हेच होतं. बॉनेट उघडलं की सगळं इंजिन समोर दिसतं. आजच्या गाड्यांत असतं तसं वरून प्लॅस्टिकचं आवरण नाही, जिथे बघायचं तिथे नजर जाते आणि बहुतेक ठिकाणी हातही पोचतो. घरच्या दुरुस्तीसाठी याहून प्रांजळ इंजिन मी पाहिलेलं नाही.

त्यात ऑइल साधारण तीन लिटर. खाली चेंबरमध्ये ते साठतं, पंप ते ओढून फिल्टरमधून वर ढकलतो, क्रँक आणि कॅमच्या बेअरिंगांना पाजतो, आणि काम झालेलं ऑइल स्वतःच्या वजनाने खाली परत येतं. गळतीच्या दोन जाती इथेच ठरतात. पंपापासून बेअरिंगपर्यंत ऑइल दाबाखाली असतं, चालत्या इंजिनात तीन-चार किलोच्या आसपास. तिथला सांधा गेला, म्हणजे फिल्टरचं रबर किंवा ऑइल स्विच, तर ऑइल फवारतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो. अशा गाडीला तिथेच बंद करायचं, चालवत गॅरेजपर्यंत न्यायचं नाही. परतीच्या वाटेवर मात्र दाब नाही. टपेट कव्हर, कॅमचं सील, चेंबरचं पॅकिंग या जागी ऑइल फक्त उडतं, लागतं आणि ओघळतं. ही गळती मुकाट्याने वर्षानुवर्षं चालते, आणि वाचायला अवघड असते तीही हीच. गुरुजींच्या गाडीची दुसऱ्या जातीची होती.

एक हिशेब त्यांनी सुरुवातीलाच केला. थेंब मोजले. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला 1440 थेंब. ढोबळमानाने वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला साठ-सत्तर मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या महिन्यात जवळजवळ एक लिटर. तीन लिटरच्या इंजिनातलं एक लिटर. त्यांची गाडी उभी असताना याच्या कितीतरी कमी गाळत होती, पण चालताना किती जातं हे फरशी सांगत नाही. ते सांगते ऑइलची पट्टी. सपाट जागा, थंड इंजिन, पट्टी पुसून पुन्हा घालायची आणि पातळी वहीत लिहायची. किलोमीटरच्या आकड्यासमोर पातळी, असं त्यांनी वहीत मांडलं होतं. गळती आहे म्हणणं वेगळं आणि किती आहे हे माहीत असणं वेगळं. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर ठरतात.

गाडी आधी एका मिस्त्रीने पाहिली होती. त्याने गाडीखाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून खालच्या भोकाशी लोंबणारा थेंब पाहिला आणि सांगितलं, "गुरुजी, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागंल." हे निदान खोटं म्हणता येणार नाही. मागचं सील गेलं की ऑइल अगदी त्याच जागी उतरतं. पण त्या जागी उतरणारं सगळंच ऑइल मागच्या सीलचं नसतं, आणि गळतीच्या वाचनातली खरी अडचण हीच. उंचावरून निघालेलं ऑइल धातूचा आधार धरत, कड्याकपारींनी उतरत जातं आणि जिथे आधार संपतो तिथे थेंब होतं. शिवाय गाडी चालत असताना वारा ते मागे ढकलतो. अकोला-नांदेड हमरस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा खालचा सगळा भाग ओला असतो, उगम मात्र बोटभर जागेतला असतो.

आपल्याकडची काळी माती या वाचनात अडथळाही आणते आणि मदतही करते. उन्हाळ्यात तिची धूळ इतकी बारीक असते की ओल्या धातूवर बसली की दोन-तीन मिलिमीटरचा थर तयार होतो. त्या थराकडे बघायला गुरुजींनी बराच वेळ घेतला, आणि मला वाटतं कामाची पहिली सुंदर जागा ती होती. कोरडा, तडे गेलेला थर म्हणजे जुनी, थांबलेली गळती. मऊ, बोट लावलं की लोण्यासारखा निघणारा थर म्हणजे अधूनमधून चालणारी. आणि जिथे थरच नाही, धातू स्वच्छ आणि चकचकीत ओला आहे, तिथून ऑइल सतत वाहतंय; ते धुळीला बसू देत नाही. सगळ्यात स्वच्छ जागा ही सगळ्यात संशयाची जागा. गाडीखाली पडून बघणाऱ्याला घाण दिसते आणि तो घाणीच्या मागे जातो. गुरुजी स्वच्छ पट्टा शोधत होते.

पट्टा वर जात जात डिस्ट्रिब्युटरच्या मागे अदृश्य झाला. या जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो आणि कॅमकडून फिरतो. तिथून सुटलेलं ऑइल सरळ खाली गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या घरावर पडतं. म्हणजे मिस्त्रीला दिसलेला थेंब आणि हा पट्टा एकाच वाटेवर होते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा तर आधी सगळं पुसायचं.

गुरुजी ऑइल बोटावर घेऊन वास बघायलाही विसरले नाहीत. गिअरबॉक्सचं ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. ब्रेकचं ऑइल पातळ, पिवळट, पाण्यात मिसळणारं. रेडिएटरचं हिरवं पाणी बोटाला बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास देतं. हे इंजिन ऑइलच होतं.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनामो यांच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, टायमिंग बेल्टच्या बाजूला फडकी कोंबली, कारण रबरी पट्ट्याला ऑइल किंवा डिझेल लागलं की तो फुगतो आणि त्याचे दाते कमकुवत होतात. मग थंड इंजिनावर ब्रशने डिझेल, खरवडायला बांबूची कामटी, पुसायला जुनी धोतरं. पेट्रोलने काम लवकर होतं. अंगणात, मुलंबाळं फिरत असताना, गुरुजींनी ते बाटलीतसुद्धा काढलं नाही. गाडीखालचं धुताना पुढची बाजू जॅकवर उचलली, पण वजन जॅकवर ठेवलं नाही. चौकटीखाली बाभळीचे जाड ठोकळे दिले, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावली. विटा रचून त्यावर गाडी टेकवलेली मी अनेक अंगणांत पाहिली आहे. वीट दाबाखाली अवचित फुटते, आणि तेव्हा खाली माणूस असतो. घरच्या दुरुस्तीत जिवावर बेतणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही, बाकी बहुतेक चुकलं तर निस्तरता येतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावडर आणली. साधी, अंगाला लावायची टाल्कम पावडर. कोरड्या इंजिनावर, टपेट कव्हरच्या कडेने, डिस्ट्रिब्युटरच्या घराभोवती, क्रँकच्या पुलीमागे त्यांनी ती कापसाच्या बोळ्याने अलगद टेकवली. मग इंजिन चालू करून पंखा लागेपर्यंत गरम होऊ दिलं. गरम हे महत्त्वाचं. बाजारात सर्रास मिळणारं 20-डब्ल्यू-40 ऑइल थंडपणी काकवीसारखं असतं. शंभर अंशांना त्याची दाटी कितीतरी पटींनी उतरते आणि थंड असताना जी फट त्याला अडवते तिच्यातून ते सहज झिरपतं. पांढऱ्या पावडरीवर ओलावा फुटला की गडद रेघ उमटते. ती रेघ आपल्या डोळ्यांदेखत, वरून खाली, जन्माला येते.

मोठ्या गॅरेजमध्ये हेच काम ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून, अतिनील दिव्याखाली करतात. हळदीच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे तत्त्व परकं वाटायचं कारण नाही. वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि अतिनील उजेडात पिवळसर हिरवं चमकतं. इंजिनात हळद टाकायची मात्र नाही. तिचा भुसा पंपाच्या जाळीत आणि फिल्टरात अडकून बसेल. तत्त्व एवढंच की बाहेर येणाऱ्या वस्तूला खूण करायची आणि बाहेरच्या बाजूला ती खूण शोधायची. याच तत्त्वाची मोठी गोष्ट याच जिल्ह्यात आहे: औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांची गळती हीलियमने तपासली गेली, कारण तो अणू इतका लहान की ज्या फटीतून दुसरं काही जाणार नाही तिच्यातूनही तो जातो. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते पावडरीचा डबा हातात धरून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिथंही आधी शोधायचंच काम."

पावडरीवर दोन रेघा उठल्या. एक टपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, अगदी बारीक. दुसरी डिस्ट्रिब्युटर ज्या घरात बसतो त्या घराच्या आणि हेडच्या सांध्यातून, जाड आणि वेगाने उतरणारी. दोन उगम, खाली जाऊन एकच थेंब. नुसतं टपेट कव्हर बदललं असतं तर गळती कमी झाली असती, थांबली नसती, आणि पॅकिंग खराब निघालं असा निष्कर्ष कुणीतरी काढला असता. एक उगम सापडल्यावर शोध न थांबवणं ही या कामातली दुसरी जागा.

टपेट कव्हर उघडणं सोपं. एअर फिल्टरचा डबा बाजूला, नळ्या सोडायच्या, आणि दहाच्या गोटी पान्याने बोल्ट. कव्हर चिकटलं होतं. गुरुजींनी पेचकस घालून ते उचकटलं नाही. ॲल्युमिनियमच्या हेडवर पेचकसाचा एक ओरखडा पडला की त्या ओरखड्यातून पुढे कायम ऑइल येतं. लाकडी मुठीने चारी बाजूंनी हलके ठोके दिले, आणि ते सुटलं.

आतलं दृश्य मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. एक कॅम, सहा रॉकर, सहा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सगळ्यावर मधाच्या रंगाचा पातळ लेप. हा रंग इंजिनाच्या वागणुकीचा सगळ्यात खरा दाखला आहे. वेळेवर बदललेल्या ऑइलचं इंजिन आतून असं सोनेरी तपकिरी दिसतं. ऑइल जाळून जाळून वापरलेलं असेल तर तिथे काळा, डांबरासारखा गाळ बसलेला असतो, आणि पांढुरका फेस दिसला तर आत पाणी जातंय किंवा गाडी नुसतीच घर ते बाजार एवढी चालते, गरम व्हायला तिला वेळच मिळत नाही. गुरुजींच्या इंजिनात सोनेरी रंग होता, फक्त ब्रीदरच्या तोंडाशी थोडा काळा गाळ. ती खूण पुढे उपयोगी पडली.

कव्हरच्या खाचेतलं रबर बाहेर काढलं तेव्हा ते वाकेना. नवं रबर गोलसर असतं, दाबलं की उलटा दाब देतं, आणि सांधा बंद राहतो तो त्या उलट्या दाबामुळे. वर्षानुवर्षं गरम ऑइलात राहून रबर ही ताकद गमावतं. या जुन्याची कड चपटी झाली होती, ज्या खाचेत दाबलं होतं तिचाच आकार त्याने कायमचा घेतला होता. नख रुतत नव्हतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, बॉनेटखाली हवा फिरायलाही जागा उरत नाही. इथलं रबर थंड मुलखातल्यापेक्षा लवकर मरतं, असा मिस्त्रींचा अनुभव आहे आणि तो मला पटतो.

दोन सपाट धातूंच्या मध्ये हे मऊ काहीतरी लागतंच का, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग बघा, ते म्हणाले. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, आणि तरी सुरीचं पातं जात नाही. पण सुरीचं पातं जात नाही तिथून ऑइल जातं. कितीही तासलेली धातूची कड सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांची असते, आणि इंजिन गरम होऊन थंड होताना दोन्ही तुकडे वेगवेगळे फुगतात, आकसतात. त्या दऱ्या भरायला आणि ती हालचाल सोसायला मध्ये मऊ माणूस पाहिजे, हे त्यांचे शब्द. जुन्या गाड्यांत ते काम कॉर्कचं पॅकिंग करायचं. कागद करायचा. मिस्त्री लोक ज्याला शेलॅक म्हणतात तो पॅकिंगला लावायचा चिकट लेप मुळात लाखेचा, आणि लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढतात.

फिरत्या दांड्याचं सील ही आणखी वेगळी गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी. स्थिर सांधा दाबून बंद करता येतो. फिरता दांडा दाबून धरला तर जळतो. शेतकऱ्याला हे विहिरीवरच्या मोटारीवरून ठाऊक असतं: पंपाची गलंड डोरी फार आवळली तर दांडा तापतो, म्हणून तिच्यातून थोडं पाणी ठिबकू द्यावं लागतं. मग क्रँकच्या सीलमधून ऑइल का ठिबकत नाही? जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामडं कमावण्याचा कारखाना होता. वाल्थर झिमर या अभियंत्याचं ऑइल सील तिथे बनू लागलं. त्याची ओठासारखी कड चामड्याची होती, पुढे ती रबराची झाली. आजच्या सीलमध्ये ही कड दांड्याला केसाहून कितीतरी पातळ ऑइलच्या पापुद्र्यावर टेकते. म्हणजे ती ओली असतेच. पण कडेच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे नसतात: ऑइलकडचा उभा, हवेकडचा निवांत. दांडा फिरू लागला की या फरकामुळे पापुद्र्यातलं ऑइल आतल्या बाजूला ढकललं जातं. सील ऑइल अडवत नाही, ते सतत परत पाठवत असतं. उलटं बसवलं तर तेच सील तितक्याच निष्ठेने ऑइल बाहेर उपसतं. आणि रबर कडक झालं, की कड दांड्यावर चर पाडते आणि मग नवं सीलही त्याच चरात बसून गळतं. म्हणून जाणता मिस्त्री नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतो.

गुरुजींच्या कामात सील नव्हतं. डिस्ट्रिब्युटरच्या घराचं कागदी पॅकिंग होतं, आणि ते तयार मिळालं नाही. त्यासाठी त्यांनी त्याच मिस्त्रीला घरी बोलावलं. ज्याचं निदान आपण बदललं त्याच माणसाला मानाने बोलावणं, त्यानेही काही मनात न ठेवता येणं, हे मला फार आवडलं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी मिस्त्रीने त्याच्या बुडाशी आणि हेडवर एकच आडवी खूण केली, म्हणजे टायमिंग जिथल्या तिथे परत बसेल. मग घर काढलं. आतून थोडं ऑइल आलं, ते फडक्यात घेतलं. जुनं पॅकिंग ओलं करून खरवडलं, कोरडं नाही. जुन्या करड्या जॉइंट शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते.

मग त्याने नवी शीट घराच्या तोंडावर धरली आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक सुरू केली. पट्टी नाही, पेन्सिल नाही, कात्री नाही. खालच्या धातूची धारच कागद कापत होती. हातोडी फक्त सांगत होती कुठे. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा ठेवून एकेक ठोका, आणि वाटोळं भोक. जोर इतका मोजका की ॲल्युमिनियमच्या कडेवर खूण उमटली नाही. "जोरात मारलं तर कड बसंल," तो म्हणाला, "मग पॅकिंग कितीबी चांगलं असू द्या, गळायलंच." पाच मिनिटांत त्या घराचा हुबेहूब कागदी आकार त्याच्या हातात होता, आणि तो इतर कुठल्याच घराला बसला नसता. या दुरुस्तीतली सगळ्यात वरची जागा कुठली असं विचारलं तर मी ही सांगेन.

बसवण्यात गुरुजींची शिस्त दिसली. दोन्ही कडा कोरड्या, हाताने फिरवून तपासलेल्या. खाचेत नवं रबर. गॅस्केट मेकर फक्त कोपऱ्यांत, जिथे दोन पृष्ठभाग मिळतात तिथे हरभऱ्याएवढा. ट्यूब रिकामी करणारे लोक विसरतात की बाहेर जेवढी कड दिसते तेवढीच आतही जाते, तुटते आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसते. बोल्ट आधी सगळे बोटांनी, मग मधून बाहेर, समोरासमोर, थोडे थोडे करत. पाना त्यांनी मुठीत न धरता तीन बोटांत, डोक्याजवळ धरला होता. हे सहा मिलिमीटरचे बारीक बोल्ट. मुठीचा जोर लावला तर हेडमधले आटे जातात, आणि आटे जायच्या आधी कव्हरची कड बोल्टाशी दबून दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलली जाते. गळतंय म्हणून आवळलं, आवळलं म्हणून आणखी गळलं, अशी कितीतरी इंजिनं आहेत. रबर पुरेसं दबल्यावर पाना जिथे थांबावासा वाटतो तिथे थांबायचं. मग रात्रभर गाडी चालू करायची नाही, गॅस्केट मेकरला सुकू द्यायचं.

इथे काम संपलं असं मला वाटलं. गुरुजींना तसं वाटलं नाही. एवढ्या जुन्या इंजिनाचं पॅकिंग कडक होणं स्वाभाविक, पण दोन सांधे एकाच वेळी का फुटावे? ब्रीदरच्या तोंडाशी दिसलेला तो काळा गाळ त्यांच्या डोक्यात होता. पिस्टनच्या बाजूने थोडा जळका वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटतो; त्याला बाहेर पडायला ब्रीदरची नळी टपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे जाते. नळी तुंबली की तो वायू चेंबरमध्ये साठतो आणि मग सगळे सांधे आतून रेटले जातात. आधी सर्वांत दुबळा सांधा फुटतो, नंतर त्याच्यापुढचा. त्यांनी नळी काढून फुंकर मारली. हवा जेमतेम गेली. डिझेलने धुऊन, वाळवून ती परत बसवली. त्यानंतर इंजिन चालू करून ऑइलचं झाकण सैल केलं आणि तळहात वर धरून बघितलं. हलकी धुगधुग होती, झोत नव्हता. झोत असता तर रिंगा झिजल्या असं समजायचं आणि पॅकिंगकडून फार अपेक्षा ठेवायची नाही.

गळती थांबवणाऱ्या बाटलीबद्दल गल्लीत सल्ले आले होते. ते ऑइलमध्ये ओतलं की रबर फुगतं आणि काही दिवस गळती खरंच कमी होते. पण ते चांगल्या सीललाही फुगवतं, आणि कडक होऊन तडकलेल्या रबराला परत मऊ करत नाही. जाड ऑइल घालण्याचंही तसंच. गळती मंदावते आणि थंड इंजिनाला ऑइल वर पोचायला वेळ लागतो. गुरुजींनी दोन्ही नाकारलं, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. तुंबलेली नळी कुठल्याच बाटलीने मोकळी झाली नसती.

गाडी वसमतला जाऊन आल्यावर पुन्हा पावडर लावली. टपेट कव्हर कोरडं, डिस्ट्रिब्युटरचं घर कोरडं. खाली मात्र गिअरबॉक्सच्या सांध्याशी, भोकाच्या कडेला, ओलसर चकाकी होती. थेंब नाही, नुसता ओलावा. म्हणजे मागचं सीलही थोडं झिरपत होतं आणि मिस्त्री पूर्ण चुकीचा नव्हता. गुरुजींनी वही काढली, पट्टी पाहिली. पातळी खाली गेली नव्हती. सील स्वस्त आहे, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दिवसभराची मजुरी, आणि ते अंगणातलं काम नाही. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, त्या दिवशी सील बदलायचं असं दोघांनी ठरवलं. तोपर्यंत महिन्यातून एकदा पट्टी बघायची. मिस्त्रीने क्लचच्या पेडलवर पाय ठेवून दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "अजून वर्षभर जातंय, गुरुजी." गुरुजींनी तारीख, किलोमीटर आणि त्याचा अंदाज, तिन्ही वहीत लिहिले.